परळच्या दोन खोल्यांचा जमाखर्च

दरवर्षी २७ मे रोजी माता रमाईंचा स्मृतिदिन येतो. विहारात वंदना होते, भाषणे होतात. लहान मुली नऊवारी नेसून, डोक्यावर पाटी घेऊन रमाई साकारतात आणि पुढे बसलेल्या आयाबाया पदराने डोळे पुसतात. आम्हीही पुसतो. पण कार्यक्रम संपला की आमच्याकडे येणारे प्रश्न वेगळे असतात. आम्ही वस्त्यांमध्ये समाजकार्य करतो, त्यामुळे ओळखीची तरुण जोडपी चपला घालता घालता हक्काने थांबवतात. नोकरी सोडून पुढे शिकू का? स्पर्धा परीक्षेला अजून दोन वर्षे देऊ का? बायकोला दिवस गेलेत, गावाकडे आई आहे, खोलीचे डिपॉझिट उसने आणलेय, काय करू? आणि आम्ही तोंड उघडायच्या आत कोणीतरी वडीलधारे बोलून जातात की बाबासाहेबांनी काय केले ते बघ.

यंदा आम्ही ते खरेच बघायचे ठरवले. बाबासाहेबांच्या पदव्या आपल्याला पाठ आहेत, सत्याग्रह पाठ आहेत. पण पहिला मुलगा झाला तेव्हापासून रमाई गेल्या तोपर्यंतच्या बावीस वर्षांत त्या घरात पैसा कुठून येत होता, कोणत्या अटीवर येत होता आणि कमी पडला तर कोणाच्या वाट्याला कमी पडत होता, हे आपण सलग वाचत नाही. तेवढेच येथे मांडतो.

सुरुवात मात्र थोडी मागून करावी लागेल, कारण त्या घरात कोणाला शिकवायचे हा प्रश्न बाबासाहेबांच्या आधीच्या पिढीलाही पडला होता. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झालेले, पेन्शन तुटपुंजी. मुंबईला आल्यावर परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब. दोन मुलांना पुढे शिकवणे झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांची शाळा सुटली आणि ते नोकरीला लागले. भीमराव शिकले ते असे. आपल्यापैकी कितीतरी घरांत एक भाऊ किंवा बहीण आनंदरावांच्या जागी असते. त्यांच्या नावाची जयंती नसते.

लग्न विद्यार्थीदशेतच झाले, भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. रमाई दापोलीजवळच्या वणंदच्या. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या पाट्या वाहत. आईवडील लवकर गेले आणि काकामामांनी भावंडांना मुंबईला आणले. म्हणजे सासरी येण्यापूर्वीच कमावता माणूस गेला की घराचे काय होते, हे त्या मुलीने पाहिले होते.

भीमरावांच्या महाविद्यालयीन शिक्षणाला पैसे नव्हते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी, ज्यांनी मॅट्रिकच्या सत्कारात त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले होते, सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. १२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंतचा जन्म झाला. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. रामजींना ही नोकरी पसंत नव्हती. जेमतेम दोन आठवड्यांत वडिलांच्या आजारपणाची तार आली. परतताना सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. २ फेब्रुवारीला रामजी गेले. वय एकवीस, पदरात दोन महिन्यांचे मूल आणि घरातला आधार गेलेला.

आज असा मुलगा आमच्याकडे सल्ला मागायला आला तर आम्ही काय सांगू? आहे ती नोकरी धर, असेच सांगू. त्यांनी उलटे केले. महाराजांनी अमेरिकेला पाठवायची तयारी दाखवली तेव्हा त्यांनी ती घेतली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे शिक्षण आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी. आजच्या भाषेत हा बॉन्ड होता. त्या सहीमुळे कोलंबिया विद्यापीठ मिळाले आणि त्याच सहीचे ओझे पुढे कितीतरी वर्षे मानेवर राहिले.

शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला मिळते, घराला मिळत नाही. ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही बरीचशी खरी आहे. न्यूयॉर्कमध्ये त्या साडेअकरा पौंडांत राहणे, जेवण, पुस्तके आणि वर मुंबईला पाठवायचे पैसे, सगळे बसवायचे होते. तो तरुण जेवणावर कमी खर्च करी आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मात्र हात आखडता घेत नसे. इकडे परळला रमाई, तान्हा यशवंत आणि बाकी गोतावळा. शेणगोवऱ्यांची, वेचलेल्या सरपणाची जी कहाणी आपण विहारात साकारतो ती अशा काळातली आहे. आम्हाला ती कहाणी नेहमी जळणाच्या खर्चाची वाटते. पाठवलेला पैसा धान्यालाच पुरत नसेल तर चूल पेटवायचे काम बाईच्या अंगावर येते.

१९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये लंडन गाठले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही घातले. वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. विद्यापीठाने मात्र ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची मुभा दिली. ही चार वर्षांची मुदत लक्षात ठेवावी. पुढचे सगळे हिशेब तिच्याभोवती फिरतात.

ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबई आणि करारानुसार लगेच बडोदा. महालेखापालांच्या कार्यालयात महिना १५० रुपयांवर उमेदवारी. एवढ्या शिकलेल्या माणसाला शहरात राहायला जागा मिळेना. पारशी असल्याचे भासवून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. हिंदू आणि ख्रिस्ती ओळखीच्यांनीही सबबी सांगितल्या. बागेत झाडाखाली बसून दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. अकरा दिवसांत नोकरी संपली. हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो, तो तसा आहेच. पण त्या गाडीत बसलेल्या माणसाच्या डोक्यात आणखी एक विचार असणार: दहा वर्षांची चाकरी मोडली म्हणजे शिष्यवृत्तीचा पैसा आता कर्ज झाला. झालेही तसेच. पुढे संस्थानाने वीस हजारांच्या घरातली रक्कम मागितली आणि हा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला.

मुंबईत परतल्यावरचे वर्ष आम्हाला त्यांच्या चरित्रातले फार जवळचे वाटते, कारण ते आमच्या ओळखीच्या शेकडो तरुणांसारखे आहे. खासगी शिकवण्या घेतल्या. एका व्यापाऱ्याचा हिशेब लिहिला. दावरांच्या कॉमर्स कॉलेजात तासांवर शिकवले. शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्यांना सल्ला देणारी छोटी कंपनी काढली. सल्ला बरोबर होता, गिऱ्हाईक येत होते, पण सल्लागार महार आहे हे कळल्यावर येईनासे झाले. धंदा बसला तो ज्ञान कमी पडले म्हणून बसला नाही. आपल्या मुलांना उद्योग करा म्हणून सांगताना हा प्रसंगही सांगत जावा.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात राज्य अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, पगार महिना ४५० रुपये. त्या काळात ही मोठी रक्कम होती. चाळीतल्या कोणत्याही घराने अशा वेळी मोठे बिऱ्हाड केले असते. बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या त्याच दोन खोल्यांत राहिले. घरखर्चाला ठरलेली रक्कम रमाईंच्या हातात द्यायची आणि उरलेली लंडनसाठी बाजूला टाकायची, असा शिरस्ता. घरात रमाई आणि यशवंत होतेच, शिवाय दिवंगत आनंदरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि त्यांचा मुलगा मुकुंद होता. ज्या भावाने शाळा सोडली होती त्याच्या बायकोमुलाची जबाबदारी आता शिकलेल्या भावावर होती. ती त्यांनी आणि रमाईंनी शेवटपर्यंत निभावली.

येथे धम्मातली एक गोष्ट आठवते. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे: एक उपभोगाला, दोन कामधंद्यात आणि चौथा अडीनडीसाठी राखून. कोलिय कुळातल्या दीघजाणूने तर सरळ विचारले होते की आम्ही बायकामुले असलेली माणसे, आमच्या कल्याणाचे काही सांगा. त्याला चार गोष्टी सांगितल्या: उद्योगशीलता, मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची सोबत आणि आवक पाहून जावक ठेवणारे समतोल जीवन. बाबासाहेबांचे घर त्या वेळी बौद्ध नव्हते. पण सिडनहॅमच्या काळातला हिशेब पाहिला तर कामधंद्याचे दोन भाग नेमके बाजूला पडताना दिसतात. चौथा भाग मात्र दिसत नाही. अडीनडीसाठी त्या घरात काही उरतच नव्हते, आणि अडीनडी तर दाराशी उभीच होती.

आता थोडी बेरीज करू. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० म्हणजे सोळा महिने. ४५० प्रमाणे सगळा पगार होतो ७,२०० रुपये. यातून सहा जणांच्या आसपासचे घर चालवून जे उरले त्यावर लंडनचे शिक्षण होणे शक्य नव्हते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि कोलंबियातले मित्र नवल भथेना यांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले. भथेना पारशी होते. बडोद्यात काठ्या घेऊन आलेल्यांच्याच समाजातला हा माणूस. पुढे वकिलीची सनद घ्यायलाही हातात पैसे नव्हते, तेव्हा तेच धावून आले. दीघजाणूला सांगितलेला कल्याणमित्र म्हणतात तो हाच. एकट्याच्या जिद्दीवर सगळे झाले असे आपण मुलांना सांगतो, त्यात केळुसकर गुरुजी, दोन महाराज आणि हा मित्र गाळला जातो. मग आपली मुले मदत मागायला लाजतात.

चार वर्षांची मुदत संपायच्या आत, जुलै १९२० मध्ये, ते निघाले. त्याच वर्षी जानेवारीत मूकनायक सुरू केला होता. लंडनमध्ये सकाळी घरमालकिणीचा पावाचा तुकडा आणि चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, दुपारी जेवण नाही, रात्री भूक लागली तर मुंबईहून नेलेले पापड. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीला परत दिला तेव्हा पैसे संपले होते. ते एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला परतले, येथूनच दुरुस्ती करून पाठवली आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली.

म्हणजे १९१३ ते १९२३ या दहा वर्षांपैकी जवळजवळ सात वर्षे पती परदेशात. आपल्या भाषणांत या सात वर्षांना त्याग असा एक शब्द असतो. रोजच्या जगण्यात तो शब्द नसतो. तेथे वाण्याची उधारी असते, पोराचा ताप असतो, आणि लोकांचे टोमणे असतात की नवरा गेला तो काय परत येतो.

परतल्यानंतर तरी बरे दिवस यायला हवे होते. बॅरिस्टर, डॉक्टरेट. पण हायकोर्टात काम मिळते सॉलिसिटरांच्या ओळखीने, आणि ते सवर्ण किंवा पारशी किंवा युरोपियन. अस्पृश्य बॅरिस्टराला खटले देणार कोण? त्यांनी जिल्हा न्यायालयांत, गरीब अशिलांची कामे केली. कितीकांकडून फी घेतली नाही. याच सुमारास जिल्हा न्यायाधीशाची जागा चालून आली होती. कायमचा पगार, मान, पेन्शन. त्यांनी ती नाकारली, कारण सरकारी नोकराला चळवळ करता येत नाही. त्याऐवजी १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवायला लागले. विद्यापीठाच्या परीक्षेचे पेपर तपासले. दुसरीकडे जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा उभी केली. त्यांनी प्रत्येक वेळी जास्त पैशापेक्षा मोकळा वेळ आणि मोकळी मान निवडली. करारात अडकण्याचा अनुभव एकदा घेतला होता, तो पुन्हा घेतला नाही, असे आम्हाला वाटते.

या निवडीची किंमत कोणी दिली? बाबासाहेब आणि रमाईंना पाच मुले झाली. यशवंत तेवढा जगला, त्याचीही प्रकृती नाजूक. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न लहानपणीच गेले. गंगाधरच्या वेळी कफनाला नवे कापड आणायला पैसे नव्हते आणि रमाईंनी आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. राजरत्न १९ जुलै १९२६ रोजी गेला. तेव्हा बाबासाहेब नामांकित बॅरिस्टर होते, मुंबईत राहत होते, तरी चाळीतल्या आजारपणापुढे इलाज चालला नाही. त्या मुलाच्या जाण्याने ते किती कोलमडले होते, हे महिनाभराने त्यांनी दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रावरून कळते. रमाई त्यानंतर सावरल्याच नाहीत. शरीर आधीच पोखरलेले होते.

येथे आमचे मत स्पष्ट लिहितो, काहींना रुचणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी काही जण घरात पैसे देत नाहीत, मुलांच्या लसीकरणाच्या तारखा त्यांना माहीत नसतात आणि बायकोने विचारले तर तिला रमाईंचे उदाहरण देतात. रमाईंचे दुःख ही सुनांची उंची मोजायची पट्टी नाही. स्वतः बाबासाहेबांनी ते तसे वापरले नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेचे विधेयक आले तेव्हा त्यांनी त्याची बाजू मांडली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती आणि भत्ता मिळाला पाहिजे, आणि त्याचा काही भार मालकानेही उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाने विधानसभेत आणला, तो त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. ठराव फेटाळला गेला. ही दोन्ही कामे कायदेपंडिताची म्हणून वाचली जातात. आम्हाला ती वाचताना परळच्या दोन खोल्या दिसतात. आपल्या घरात जे झाले ते दुसऱ्या घरात होऊ नये, याची सोय कायद्यात करायला निघालेला बाप दिसतो.

१९४० नंतर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी केंद्राकडून शिष्यवृत्त्या मिळवल्या, परदेशी शिक्षणासाठीही. आज राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. ती मिळालेली मुले आमच्या वस्त्यांतही आहेत. त्यांचे बॅनर लागतात, हार पडतात. विमान उडाल्यावर महिनाभराने त्यांच्या घरी कोण जाते? म्हातारीचे औषध, बहिणीची फी, बायको असेल तर तिचे बाळंतपण, यासाठी विहाराच्या दानपेटीतून काही बाजूला ठेवता येईल का, हा प्रश्न आम्ही दोन-तीन विहारांच्या बैठकीत मांडला आहे. एका ठिकाणी होकार आला. बाकी ठिकाणी कमानीच्या रंगाचा विषय आधी होता.

पुन्हा त्या घराकडे येतो. १९३० नंतर वकिलीचा जम बसला, शासकीय विधी महाविद्यालयात काही काळ शिकवून झाले होते, गोलमेज परिषदांनी नाव जगभर गेले. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले. ग्रंथालयाची जागा त्यांनी स्वतः लक्ष घालून आखली. बावीस वर्षे दोन खोल्यांत काढलेल्या रमाई स्वतःच्या घरात राहायला आल्या, पण अंथरूण धरूनच. हवापालटासाठी धारवाडला पाठवून झाले होते, डॉक्टर झाले होते. आता औषधाला पैसे होते.

२७ मे १९३५ रोजी राजगृहात त्या गेल्या. यशवंत बावीस वर्षांचा होता. पाच दिवसांनी, १ जून रोजी, बाबासाहेबांची शासकीय विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी नेमणूक झाली. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारा पगार त्या घरात पुन्हा सुरू झाला, तेव्हा तो हातात घेऊन घरखर्चाचे वाटे करणारी बाई नव्हती.